हजाराच्या आतली वाईन आणि कोल्हापूरचा उन्हाळा

रंकाळावेस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

"हजाराच्या आतली वाईन म्हणजे आंबट पाणी" हे आपल्याकडं इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा धागाच काढावा. माझं मत उलटं आहे. नाशिक-अकलूजकडच्या साध्या बाटल्या वायनरीच्या दारातून निघताना चांगल्या असतात. त्यांची वाट लागते ती नंतर. आधी टेम्पोत, मग दुकानाच्या काचेमागं, आणि शेवटी आपल्याच घरात फ्रीजच्या डोक्यावर. म्हणून पाचशे रुपये जास्त घालून वरची बाटली घेण्यापेक्षा आहे ती गार कशी राहील हे बघितलं तर पैसे वसूल होतात.

आधी खरेदीचं. आपल्या बहुतेक वाईन शॉपमध्ये वाईन हा कोपऱ्यातला माल. धंदा व्हिस्की आणि बिअरचा. त्यामुळं वाईन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला खेटून, उभी, महिनोन्‌महिने. मी दुकान निवडताना दर विचारत नाही, वाईन किती खपते ते बघतो. जिथं शनिवारी दोन-चार गिऱ्हाईकं वाईन मागताना दिसतात तिथला माल ताजा. आणि शोकेसमधली बाटली घ्यायची नाही, पोऱ्याला सांगायचं, "आतल्या खोक्यातली दे." तो जरा तोंड वाकडं करतो, पण देतो.

बाटली हातात आली की मान बघा. झाकणावरच्या वेष्टणाखाली बूच वर फुगलेलं लागतंय का? मानेवर चिकट ओघळ आहे का? शेजारच्या बाटलीपेक्षा वाईनची पातळी खाली आहे का? तिन्ही खुणा बाटली तापल्याच्या. आतली वाईन उन्हानं फुगली, बुचाला ढकललं, थोडी बाहेर आली. पांढऱ्या वाईनचा रंग फिकट पिवळा सोडून मधाकडं झुकला असेल तर सरळ परत. मागच्या लेबलवर भरल्याचा महिना-वर्ष असतं, तेही वाचा.

मे महिन्यात खरेदी सकाळी करायची. बंद गाडी उन्हात उभी केली की आतलं तापमान पन्नासच्या वर जातं. दुकानातून बाटली घेऊन मागच्या सीटवर टाकायची आणि महाद्वार रोडला दोन तास खरेदी करत हिंडायचं, असं केल्यावर बनवणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दर म्हणाल तर साधारण सातशे ते हजारात भारतीय शेनिन ब्लाँ, सोविन्यो ब्लाँ (दोन्ही पांढऱ्या), रोझे (गुलाबी), साधी शिराझ (लाल) असं सगळं येतं. याच पैशात परदेशी बाटली शोधू नका. आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाच्या वाईनला सवलत मिळाली, पण तीही ठराविक किमतीच्या वरच्या बाटल्यांना. म्हणजे हजाराच्या घरातल्या परदेशी बाटलीत तुमचा पैसा कर आणि वाहतुकीत जातो, द्राक्षात थोडाच उरतो. इकडं राज्यातल्या वाईनला २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून करात मोकळीक मिळत आली, त्याचा फायदा घ्यावा.

आता साठवण. नियम सोपा: अंधार, गारवा आणि तापमानात चढउतार नको. १२ ते १४ अंश उत्तम. आपल्याकडं एप्रिलमध्ये दुपारी ३८ आणि पहाटे २२, हा झोकाही वाईनला वाईट. बुचाची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं, सुकून आकसत नाही आणि हवा आत शिरत नाही. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालतं. आपल्या बजेटमधल्या बऱ्याच बाटल्या फिरकीच्याच असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. उलट बूच खराब निघायची भानगडच नाही.

माझी अडचण अशी, की घरच्या फ्रीजमध्ये आईची लोणची, दुधाची पातेली आणि कांदा-लसूण मसाल्याचे डबे यांच्यापुढं माझ्या बाटल्यांना जागा मिळत नाही. स्वस्तात काय करता येईल? आणि दुसरं, तांबड्या रश्श्याबरोबर नक्की काय द्यायचं?

(वयाची अट वाईनला २१ आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचा दुकानातच मिळतो. ते लिहून टाकलं, म्हणजे त्यावर वेगळी चर्चा नको.)

पेठेतला_पैलवान

भावा, एवढा खटाटोप करण्यापेक्षा गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पिलेलं काय वाईट? हलके घ्या.

पण प्रश्न खरा हाय माझा. आमच्या ओळखीचा दुकानदार म्हणतोय, "पैलवान, चार वर्सं जुनी व्हाईट वाईन हाय, जुनी तेवढी भारी, तुमाला दोनशे कमी करतो." घ्यावी काय?

गोदाकाठ

पैलवान, अजिबात घेऊ नका.

मी नाशिकचा. वायनरीत नोकरीला नाही, पण घरातली द्राक्षं वायनरीला जातात, त्यामुळे थोडं कळतं. जुनी वाईन भारी हे जगातल्या मोजक्या वाईनच्या बाबतीत खरं. बाकी बहुतेक वाईन, आणि आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्याच साध्या बाटल्या, लवकर पिण्यासाठी बनतात. व्हाईट आणि रोझे वर्ष-दीड वर्षात संपवायची, साधी रेड दोन-तीन वर्षांत. ओकच्या पिंपात ठेवलेली रिझर्व्ह रेड अजून थोडी टिकते. चार वर्षं कोल्हापुरातल्या फळीवर काढलेली शेनिन दोनशे काय, फुकट दिली तरी तिचं काय करणार?

आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबर. त्यामुळे नव्या वर्षाची पांढरी वाईन उन्हाळ्यापासून बाजारात यायला लागते. लेबलवरचं वर्ष हे काढणीचं. यंदाचं किंवा गेल्या वर्षाचं असेल तर व्हाईट डोळे मिटून घ्या.

वायनऱ्यांच्या इतिहासात रस असणाऱ्यांसाठी: बंगळूरजवळ नंदी हिल्सला ग्रोव्हर १९८८ पासून, नाशिकला सुला १९९९ पासून, आणि त्याही आधी नारायणगावचं इंडाज. सुलाची पहिली बाटली २००० साली आली तेव्हा इथल्या लोकांनी द्राक्षाच्या बागा मोडून "दारूची द्राक्षं" लावणाऱ्यांना वेड्यात काढलं होतं. पुढं २०१३ मध्ये शाँदोंसारखी फ्रेंच मंडळी दिंडोरीत बुडबुडेवाली वाईन बनवायला आली. आमच्या तिकडच्या पोरांना आता शेनिन आणि शिराझ या शब्दांचं काही वाटत नाही.

कृष्णाकाठचा

मग तासगावच्या द्राक्षांची वाईन का होत नाही? आमच्याकडं तर द्राक्षाला तोटा नाही. एमआयडीसीनं पलूसला कृष्णा वाईन पार्कही काढलं.

गोदाकाठ

तुमच्या तासगावचं द्राक्ष खायला आणि बेदाण्याला एक नंबर. थॉमसन सीडलेस आणि तुमच्याच मातीत निवडलेली तास-ए-गणेश. पण मोठा मणी, पातळ साल, बी नाही. वाईनला लागतो छोटा मणी, जाड साल आणि बी. रेड वाईनचा रंग आणि टॅनिन (तुरटपणा) सालीतून येतं, गरातून नाही. खायच्या द्राक्षाची वाईन होते, पण फिकी होते. तुमच्याकडून जवळचं पाहिजे तर अकलूजची फ्रातेल्ली वायनरी आहे, पंढरपूरच्या पुढे. त्यांनी सांजोवेझे नावाची इटालियन जात लावली. ती रेड जरा आंबटसर, हलकी, म्हणून आपल्या जेवणाबरोबर जमते.

उद्यमनगरी

रंकाळावेस, फ्रीजचा प्रश्न सोडवून देतो. पंचवीस हजाराचा वाईन कूलर घेऊ नका.

जुना एकदारी १६५ लिटरचा फ्रीज जुन्या बाजारात दोन-तीन हजारात मिळतो. फक्त कॉम्प्रेसर चालू आणि गॅस भरलेला बघायचा, बाहेरून गंजला असला तरी चालतो. मग एक डिजिटल टेम्परेचर कंट्रोलर आणा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो. त्याला एक वायर असते, टोकाला सेन्सर. सेन्सर फ्रीजच्या दाराच्या रबरातून आत घ्यायचा आणि मधल्या फळीला चिकटपट्टीनं बसवायचा, हवेत लोंबकळत ठेवायचा नाही. फ्रीजचा प्लग कंट्रोलरमध्ये, कंट्रोलरचा भिंतीत. फ्रीजचं स्वतःचं बटण सगळ्यात थंडवर फिरवून ठेवा, म्हणजे निर्णय कंट्रोलरच घेईल. १४ वर सेट करा, फरक २ अंशाचा, आणि कॉम्प्रेसर परत चालू होण्याआधी तीन ते पाच मिनिटं थांबेल अशी सेटिंग असते ती लावा, नाहीतर वीज गेली-आली की कॉम्प्रेसर मार खातो.

आतल्या जाळ्या काढून टाका. आमच्या शेडमध्ये मशीनचे पार्ट येतात त्या पॅकिंगच्या पाइन लाकडाच्या पट्ट्या असतात, त्याच कापून दोन खाचांच्या फळ्या केल्या. बाटल्या आडव्या, मान आळीपाळीनं पुढं-मागं. वीसेक बसतात. तळाला ओल धरते म्हणून एक जुना टॉवेल. फ्रीजखाली रबराचे तुकडे ठेवा, कॉम्प्रेसरचा थरथराट कमी होतो.

१४ ला ठेवल्यामुळं कॉम्प्रेसर फार कमी चालतो, बिल जाणवत नाही. आणि लाइट गेली तरी दार उघडलं नाही तर भरलेल्या बाटल्याच गारवा धरून ठेवतात, तीन-चार तास काही होत नाही.

रंकाळावेस

उद्यमनगरी, नाद खुळा! रविवारी जुना बाजार.

ताराराणी

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांच्यासाठी लिहिते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी माळ्यावर बाटल्या ठेवू नयेत. माळा म्हणजे घरातली सगळ्यात गरम जागा, वरचा मजला असेल तर स्लॅब रात्रभर तापलेला असतो. स्वयंपाकघरही नको. आमच्याकडे बेडच्या बॉक्समध्ये, गोधड्यांच्या मधोमध ठेवतो. अंधार मिळतो, आणि गोधड्यांमुळे दिवसाचा चढउतार बाटलीपर्यंत पोचत नाही. एप्रिल-मेमध्ये मी तिथे थर्मामीटर ठेवला होता. खोलीत ३४-३५ असताना आत २९ च्या आसपास. आदर्श नाही, पण दोन-तीन महिन्यांत संपणाऱ्या बाटलीला पुरतं. जुन्या वाड्यात खालच्या मजल्यावर मातीच्या जाड भिंतींची खोली असेल तर तुम्ही नशीबवान.

आता माठाबद्दल, कारण कुणीतरी सुचवणारच. ओलं फडकं गुंडाळून बाटली वाऱ्यावर ठेवली तर गार होते, हे खरं. पण का होते हे लक्षात घ्या. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढून नेली जाते. चैत्र-वैशाखात आपल्याकडे हवा कोरडी असते, म्हणून माठ गार. जुलैत पंचगंगेला पूर आणि हवेत एवढी ओल, की पाण्याची वाफ फारशी होतच नाही. तेव्हा ओलं फडकं गुंडाळलं तर फक्त लेबल भिजून सुटतं. पावसाळ्यात तशी गरजही नसते म्हणा.

आणि एक: फ्रीजमध्ये न उघडलेली व्हाईट महिना-दोन महिने राहिली तरी बिघडत नाही. वर्षभर ठेवायची असेल तरच बुचाचा विचार करा, कारण फ्रीजमधली हवा कोरडी असते.

स्पष्टवक्ता_कोथरूड

हे सगळे चोचले आहेत. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची असते हे शाळकरी पोरगं सांगेल. कोल्हापूरकरांनी तीही फ्रीजमध्ये घातली म्हणजे कमाल झाली.

रंकाळावेस

साहेब, ते रूम टेम्परेचर फ्रान्समधल्या दगडी घराच्या खोलीचं, १६ ते १८ अंश. कोथरूडला मे महिन्यात तुमची रूम किती असते? ३३ अंशाच्या रेडमध्ये फळाचा वास येतच नाही, अल्कोहोलच नाकात जातं. मग लोक म्हणतात, रेड कडक असते.

माझी पद्धत: उन्हाळ्यात रेड तास-दीड तास फ्रीजमध्ये, थंडीत अर्धा तास पुरतो. व्हाईट आणि रोझे तीन तास, म्हणजे ८ ते १० अंशापर्यंत येतात. बुडबुडेवाली त्याहून गार. पेल्यात वाईन झटकन तापते, म्हणून थोडी थोडी ओतायची आणि बाटली परत गारव्यात.

एकच बाटली नीट गार करून आणि न करता, दोन पेले शेजारी ठेवून बघा. पुणे-कोल्हापूर वाद नंतर घालू.

स्पष्टवक्ता_कोथरूड

बघतो. (बाटली तुम्ही आणणार असाल तर.)

सुक्कं_मटण

तांबड्याचा प्रश्न माझ्या आवडीचा, त्यामुळं जरा लांब होईल.

आपल्याकडं हिशोब ठरलेला: मटण म्हणजे रेड. आणि पाहुण्याला भारी वाटावं म्हणून त्यातली सगळ्यात कडक, कॅबर्ने सोविन्यो. तांबड्या रश्श्याबरोबर ती देणं म्हणजे पाहुण्याचा छळ. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि अल्कोहोल जिभेवरच्या एकाच उष्णतेच्या संवेदनेला चेतवतात, म्हणजे घोट घेतला की आग कमी होण्याऐवजी वाढते. वर टॅनिन तोंड कोरडं करतं. पाहुणा घाम पुसत "छान आहे, छान आहे" म्हणतो आणि पाण्याचा तांब्या मागतो.

तिखटाला पाहिजे थोडी गोडी, कमी अल्कोहोल, टॅनिन नाही आणि भरपूर गारवा. म्हणून तांबड्याला शेनिन ब्लाँ, त्यातही किंचित गोडसर. सुलाची तशी असते. रिझलिंग (हीही पांढरीच) मिळाली तर अजून चांगली. नाहीतर झिनफँडेलची रोझे. वाट्या मांडायच्या आधी बाटली बर्फाच्या पाण्यात, आणि घोट भाकरीच्या घासानंतर, रश्श्याच्या भुरक्यानंतर लगेच नाही. हे करून बघाच.

पांढऱ्या रश्श्याला मात्र वेगळी तऱ्हा. नारळाचं दूध, खसखस, काजू, अळणी पाण्याचा अर्क. स्निग्ध, सौम्य, थोडी मिरी. त्याला आंबट तेज वाईन लागते, स्निग्धपणा कापायला. सोविन्यो ब्लाँ किंवा चक्क बुडबुडेवाली ब्रूट (बिनगोड). माझ्या मते कोल्हापुरी जेवणातला वाईनचा सगळ्यात चांगला जोडीदार तांबडा नाही, पांढराच.

सुक्क्याला रेड चालते, कारण मटणाच्या प्रथिनांनी टॅनिन मऊ होतं. पण सुक्कं जरा कमी तिखट ठेवा आणि रेड हलकी घ्या, ती अकलूजची सांजोवेझे किंवा साधी शिराझ, गार करून.

मिसळीबरोबर वाईन कुणी विचारू नका. मिसळीबरोबर पाव आणि जादा कट.

पेठेतला_पैलवान

शेवटच्या वाक्याला +१. बाकी अजून वाचतोय.

नवखी_कोल्हापूर

सगळ्यांचे आभार, फार कामाचा धागा. मला मदत हवी आहे. आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे. घरीच, गच्चीवर, चाळीस माणसं, संध्याकाळी. बाबांची इच्छा आहे की व्हिस्की नको, वाईन असावी. बजेट आठ-नऊ हजार. किती बाटल्या? पेले कुठले? आमच्याकडे कुणालाच बूच काढता येत नाही!

बुफेवाला

ताई, मी हॉटेलच्या मेजवानी विभागात बरीच वर्षं काढली, त्यामुळं हे मी सांगतो.

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले. चाळीसातले किती जण वाईन घेतील याचा प्रामाणिक अंदाज करा. आपल्याकडच्या घरगुती कार्यक्रमात सोळा-अठराच्या वर जात नाहीत, बाकी सोलकढी आणि सरबतावर खूश. अठरा जण, दोन-दोन पेले, म्हणजे ३६ पेले, साधारण सव्वासात बाटल्या. आठ आणा, वर दोन हाताशी ठेवा. दहा बाटल्या: पाच व्हाईट, तीन रोझे, दोन रेड. गच्चीवर, उकाड्यात, रेड कमी जाते. बुडबुडेवाली दोन बाटल्या टोस्टला पाहिजे असेल तर व्हाईटमधून दोन कमी करा. अख्खं खोकं घेताना दुकानदाराला भाव विचारा आणि न उघडलेल्या परत घेशील का तेही आधीच ठरवा. काही जण घेतात.

फिरकीच्या झाकणाच्याच बाटल्या निवडा, बूच काढायचा प्रश्नच मिटला. बुचाची असलीच तर वेटर वापरतात तो घडीचा कॉर्कस्क्रू घ्या, दोन पायऱ्यांचा. दोन्ही बाजूंना पंख असलेला नको, तो बुचाचा भुगा करतो. बूच तुटून आत पडलं तर घाबरायचं काही नाही, चहाची नवी गाळणी लावून जगमध्ये ओता. जुन्या गाळणीला चहाचा वास असतो.

बुडबुडेवाली उघडताना बूच कुणाच्या तोंडाकडं नको. आत पाच-सहा वातावरणाचा दाब असतो. तार सैल करताना अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. आवाज "फट्ट" नाही, हलका "फुस्स" आला पाहिजे. सिनेमात दाखवतात तसं हलवून उडवलं तर अर्धी बाटली गच्चीच्या फरशीला.

गार करायला फ्रीजवर अवलंबून राहू नका, दहा बाटल्या बसणार नाहीत. घरात तांब्याचं घंगाळ असेल ना? ते बाहेर काढा. त्यात बर्फ आणि पाणी दोन्ही, निम्मं निम्मं, आणि दोन मुठी मीठ. लोक नुसता बर्फ घालतात, तो बाटलीला जागोजागी टेकतो फक्त. पाणी असलं की सगळीकडून गारवा लागतो. वीस मिनिटांत ३० अंशाची बाटली प्यायला तयार. रेडला सात-आठ मिनिटं बुचकळून काढा. मीठ घातल्यावर घंगाळ रात्रीच धुऊन चिंच लावून घासा, नाहीतर सकाळी आई रागावेल.

फ्रीझरमध्ये घाईनं बाटली घालू नका. पाहुणे आले की विसरली जाते, आणि वजा सहाच्या आसपास वाईन गोठायला लागली की बूच वर येतं.

पेले भाड्यानं मिळतात, पण वापरण्याआधी वास घ्या. लाकडी कपाटात उलटे ठेवलेल्या पेल्यात डांबरगोळीचा वास बसतो आणि मग सगळी वाईन डांबरगोळी. गरम पाण्यानं, साबण न लावता, धुवा आणि सुती फडक्यानं पुसा. पेला एक तृतीयांशच भरायचा. आपल्याकडं काठोकाठ ओतण्यात आदरातिथ्य वाटतं, पण वाईनला वास घ्यायला मोकळी जागा लागते. पुन्हा विचारून पुन्हा ओता, आदर तेवढाच राहतो.

नवखी_कोल्हापूर

बुफेवाला दादा, तुमचा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावतेय. घंगाळ आजीचं आहे, माळ्यावर. परवानगी वगैरे काही लागेल का?

बुफेवाला

घरी असेल तर पिणाऱ्यांचे परवाने. हॉलवर कार्यक्रम केला आणि तिथं वाईन वाढली तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा त्या दिवसाचा वेगळा परवाना काढावा लागतो. आणि घरी जाताना ज्यानं पेला घेतला त्यानं गाडी चालवायची नाही, रिक्षाची सोय आधी करून ठेवा.

गगनबावडा_घाट

मी म्हणतो एवढं कशाला, गोव्याहून दोन खोकी आणायची. निम्म्या किमतीत.

ताराराणी

परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, वाईनही त्यात आली. घाटांच्या तोंडाला तपासणी असते. गाडी जप्त होते, मग बाटलीमागे वाचलेले दोनशे रुपये मोजत बसा. शिवाय मेमध्ये डिकीत घालून घाट चढवलेली वाईन कशी झाली असेल, ते वर धागाकर्त्यांनी लिहिलंच आहे. गोव्याची गोड पोर्ट वाईन आवडत असेल तर तिथेच गार करून प्या आणि या.

स्पष्टवक्ता_कोथरूड

एक प्रामाणिक प्रश्न. हॉटेलात वेटर थोडीशी ओतून आपल्याकडे बघत उभा राहतो, तेव्हा काय करायचं? "आवडली नाही" म्हणून परत करता येते का?

बुफेवाला

आवडली नाही म्हणून नाही. तो घोट वाईन खराब नाही ना हे बघायला असतो. पेला फिरवायचा, वास घ्यायचा. पावसात भिजून सुकलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच खराब. व्हिनेगरचा झणका आला तर हवा लागलेली. शिजवलेल्या बेदाण्याचा वास आणि पांढरीला तपकिरी झाक असेल तर उन्हात शिजलेली. या तिन्हींत बाटली बदलून मागण्याचा तुमचा हक्क आहे, आणि चांगलं हॉटेल वाद घालत नाही. तळाशी स्फटिक दिसले तर मात्र घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाचे क्षार, गारव्यानं बसतात, अपायकारक नाहीत.

स्पष्टवक्ता_कोथरूड

धन्यवाद. (दोन पेल्यांचा प्रयोग केला. बाटली स्वतःच आणली. काही बोलत नाही.)

रंकाळावेस

पुणेकर काही बोलत नाही म्हणजे पटलं.

जुना फ्रीज मिळाला, लक्ष्मीपुरीच्या बाजूला, रंग आंब्याचा पिवळा. कंट्रोलर लावलाय. सेन्सर आधी दाराजवळ बसवला होता, तिथं आकडा उगाच वर-खाली नाचायचा. उद्यमनगरीच्या सांगण्यावरून मधल्या फळीला हलवला, आता शांत आहे. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "खालच्या कप्प्यात कोथिंबीर ठेवू का?"

उद्यमनगरी

ठेवू द्या, १४ अंशाला दोन दिवस टिकेल. फक्त लसणीची चटणी आत जाऊ देऊ नका. बंद बाटलीला फार फरक पडत नाही, पण उघडलेली बाटली ठेवली तर वास धरते.

नवखी_कोल्हापूर

कार्यक्रम छान झाला! सात बाटल्या संपल्या, एक उघडलेली उरली, दोन दुकानदारानं परत घेतल्या. रोझे सगळ्यात आधी संपली, बाबांच्या मित्रांनी संपवली. उघडलेली व्हाईट अर्धी आहे, तिचं काय करू? किती दिवस टिकेल?

ताराराणी

फिरकी घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेव, म्हणजे हवेला कमी पृष्ठभाग मिळतो. तीन दिवस चांगली, पाचव्या दिवशी बरी. जास्त टिकवायची तर छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भर. सोड्याची लहान बाटली चालेल, पण धुवून वास घालवलेली. हवा आत राहिली नाही की आठवडाही निघतो. बुडबुडेवाली उरली असती तर दुसऱ्या दिवशीच संपवावी लागली असती.

त्याच्या पुढं गेली तर फेकू नकोस. पापलेट किंवा कोळंबी परतताना लिंबाऐवजी दोन डाव घाल, मोठ्या आचेवर, आणि मीठ नंतर.